सिस्टरना विचारा : एवढे पैसे ओतले, मग दरी बुजत का नाही?

एरवी या सदराला गुडघेदुखी, थायरॉइड आणि सुनेचं बाळंतपण यांचीच पत्रं येतात. गेल्या अंकात लहान मुलांच्या घशाच्या संसर्गाबद्दल लिहिताना मी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांचा ओझरता उल्लेख केला, आणि पत्रांची गाडी तिकडेच वळली. गोव्यात केपें-सांगें भागात आरोग्य उपकेंद्रांवर नोकरी केलेल्या बाईने ऑस्ट्रेलियावर कशाला बोलावं, असं एकाने लिहिलंय. रास्त आहे. पण निवृत्तीनंतर मला सरकारी अहवाल वाचायचं व्यसन लागलंय. शेजारच्या बायका मालिका बघतात, मी तक्ते बघते. या वेळी औषधपाणी बाजूला ठेवून ही चार पत्रं घेते.

प्रश्न : सिस्टर, माझी नणंद ऑस्ट्रेलियात डार्विनच्या इस्पितळात नर्स आहे. ती सांगते, तिथलं सरकार ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या आदिवासी, लोकांसाठी अब्जावधी डॉलर खर्च करतं, दरवर्षी संसदेत अहवाल मांडतं, तरी वॉर्डात बघावं तर तेच लोक. ‘द्यायचं तेवढं देऊन झालं, आता त्यांनीच सुधारायला हवं,’ असं तिचं मत. आमच्याकडे एसटी, म्हणजे अनुसूचित जमातींच्या, लोकांबद्दल अगदी हेच वाक्य ऐकू येतं. यात खरं किती? – एक वाचक भगिनी, फोंडा

नणंदबाईंच्या वॉर्डापासून सुरुवात करू. देशभरात ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरचे लोक चार टक्क्यांहून कमी आहेत, २०२१ च्या अंदाजानुसार ९ लाख ८४ हजारांच्या आसपास. पण डार्विन ज्या नॉर्दर्न टेरिटरीत येतं तिथं दर दहा माणसांत ते तीन. तेव्हा वॉर्डात ते जास्त दिसणारच. आजारीही जास्त असतात, त्याकडे येते.

आता पैसे. तिथला उत्पादकता आयोग म्हणजे सरकारनेच नेमलेली, पण सरकारची भीड न ठेवणारी संस्था. तिने २०१७ मध्ये हिशेब मांडला होता. २०१५-१६ या एका वर्षात केंद्र आणि राज्यं मिळून या समाजांवर ३३.४ अब्ज डॉलर खर्च झाले. ऐकूनच भोवळ यावी. पण त्यातले खास त्यांच्यासाठीच्या योजनांवर गेले फक्त ६ अब्ज, म्हणजे १८ टक्के. बाकीचे ८२ टक्के म्हणजे शाळा, इस्पितळं, भत्ते, पोलीस, तुरुंग, जे सगळ्या नागरिकांवर खर्च होतं त्यातला त्यांच्या वाट्याचा भाग. पोरगा कोठडीत गेला की त्याच्या कोठडीचा खर्चही ‘आदिवासींवरचा खर्च’ म्हणून लागतो. त्यामुळे ‘अब्जावधी’ हा शब्द कुणी उच्चारला की मी आधी विचारते, कुठल्या रकान्यातले?

या सगळ्याची सुरुवात कशी झाली ते थोडक्यात. २००५ साली तिथले सामाजिक न्याय आयुक्त टॉम काल्मा, स्वतः ॲबोरिजिनल, यांनी आपल्या अहवालात म्हटलं की एका पिढीच्या आत, पंचवीस वर्षांत, आरोग्यातली तफावत संपवा. २००८ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या घरांत नेऊन ठेवलेल्या मुलांच्या पिढ्यांची ती माफी होती. हे प्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९७० च्या दशकापर्यंत चालले होते. त्याच वर्षी ‘क्लोजिंग द गॅप’, म्हणजे दरी बुजवणं, या नावाखाली सहा उद्दिष्टं ठरली: आयुर्मान, पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू, बालवाडी, वाचन-गणित, बारावी, रोजगार. पुढे शाळेतल्या हजेरीचं सातवं आलं. बारा वर्षांनी, २०२० मध्ये, पंतप्रधान मॉरिसन यांनी संसदेत हिशेब दिला तेव्हा सातांपैकी दोनच मार्गावर होती, बालवाडी आणि बारावी.

आयुर्मानाचं बघा. २०२०-२२ च्या आकड्यांप्रमाणे तिथल्या ॲबोरिजिनल मुलग्याचं अपेक्षित आयुष्य ७१.९ वर्षं, मुलीचं ७५.६. बाकीच्या ऑस्ट्रेलियनांपेक्षा मुलगे ८.८ वर्षांनी मागे, मुली ८.१ वर्षांनी. त्याआधीच्या, २०१५-१७ च्या मोजणीत हे अंतर ८.६ आणि ७.८ होतं. म्हणजे बुजवायला घेतलेली दरी उलट किंचित रुंदावली.

मग चुकतं कुठे? इथं मला माझ्या धंद्यातलं एक उदाहरण घ्यावंच लागेल, कारण तक्त्यांतून ते कळत नाही.

संधिवाताचा ताप, डॉक्टर ज्याला रुमॅटिक फीव्हर म्हणतात, तो तुमच्या आजीला ठाऊक असेल. पाच ते पंधरा वयाच्या पोराचा घसा दुखतो, कधी अंगावर खरजेसारखे फोड येतात. जंतू एकच, स्ट्रेप्टोकोकस. दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात. आज गुडघा, उद्या घोटा. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा खराब होऊन बसतात. पुढे ती मुलगी गरोदर राहिली की धाप लागते, आणि मग पळापळ. यावरचा उपाय साधा आणि स्वस्त: दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, वर्षानुवर्षं. औषध घट्ट असतं, जाड सुई लागते, आणि दुखतं. पोरं मला बघून माडाच्या आड पळायची. आईला धरून आणावं लागे, पोराला नव्हे. आईला पटलं की पोर येतंच.

ऑस्ट्रेलियातल्या श्रीमंत शहरांतून हा आजार केव्हाच हद्दपार झाला. उत्तरेच्या ॲबोरिजिनल वस्त्यांत तो आजही आहे, आणि जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांपैकी एक तिथलं आहे. पैसा आहे, औषध आहे, विमानानं येणारे डॉक्टर आहेत. नाही काय? तर घरात जागा. एका घरात तीन कुटुंबं, एका खोलीत सहा-सात पोरं, नळ तुटलेला, कपडे धुवायची सोय नाही. जंतू एका पोराच्या घशातून दुसऱ्याच्या घशात जायला रात्र पुरते. इंजेक्शन आरोग्य खातं देणार, घर गृहनिर्माण खातं बांधणार, नळ तिसरंच कुणी दुरुस्त करणार. आरोग्य खात्याच्या अहवालात किती इंजेक्शनं दिली ते येतं. नळाचा रकाना त्यात नसतो. घरांची टंचाई सरकारला कळत नाही असं नाही. २०३१ पर्यंत ८८ टक्के लोक पुरेशा मोठ्या घरात राहावेत असं उद्दिष्ट आता आहे, आणि २०२४ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीच्या दुर्गम भागांत दहा वर्षांत २,७०० घरं बांधायला ४ अब्ज डॉलर जाहीर झाले. म्हणजे माफीनंतर सोळा वर्षांनी.

तुमच्या नणंदेला माझ्या वतीने एवढंच विचारा: वॉर्डातला पेशंट बरा होऊन ज्या घरात परत जातो ते घर तिने पाहिलंय का? टोमणा म्हणून नव्हे. वॉर्डातल्या नर्सला ते दिसतच नाही. आम्ही घरोघरी हिंडणाऱ्या होतो म्हणून आम्हाला दिसायचं.

जिथं काम झालं ते कसं झालं, हेही सांगायला हवं, नाहीतर हे रडगाणंच व्हायचं. सिडनीत रेडफर्न नावाची वस्ती आहे. १९७१ साली तिथल्या ॲबोरिजिनल लोकांनीच एक दवाखाना उघडला, कारण इस्पितळात त्यांना धड वागणूक मिळत नव्हती. डॉक्टर फुकट काम करणारे, त्यांत पुढे डोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी जगभर नाव झालेले फ्रेड हॉलोज एक. दवाखाना चालवायचा कसा हे ठरवणारी समिती मात्र समाजाची. आज देशात अशा समाजाने चालवलेल्या आरोग्य संस्था १४० हून जास्त आहेत. ब्रिस्बेनमध्ये अशाच संस्थांनी एका मोठ्या प्रसूती इस्पितळाबरोबर २०१३ पासून गरोदर बायांसाठी एक सेवा चालवली: सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ओळखीची सुईण, सोबतीला समाजातलीच कार्यकर्ती, इस्पितळात न्यायला गाडी, आणि तपासणी इस्पितळाबाहेर, वस्तीच्या जवळ. मुदतीआधी जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण ठळकपणे घटलं. नवीन औषध नाही की यंत्र नाही. आपली जुनी सुईण हेच तर करत होती, फक्त तिला कुणी गाडी दिली नव्हती.

दुसरं उदाहरण मध्य ऑस्ट्रेलियातलं. वाळवंटातल्या वस्त्यांत पोरं पेट्रोल हुंगून नशा करायची. मेंदू कायमचा जायचा. जनजागृती, पोलीस, शिबिरं, सगळं करून झालं. त्या भागातल्या बायकांची एनपीवाय विमेन्स कौन्सिल नावाची संघटना आहे, १९८० पासूनची. तिने आणि इतरांनी हट्ट धरला की पेट्रोलच असं विका ज्याने नशा चढणार नाही. तसं इंधन २००५ मध्ये आलं, सरकारने त्याला अनुदान दिलं, पंपांवरचं जुनं पेट्रोल बदललं. पुढच्या वर्षांत पाहणी झालेल्या वस्त्यांत हुंगणाऱ्यांची संख्या फार मोठ्या प्रमाणात घसरली. पैसा सरकारचा, पंप कंपनीचा, पण नेमकं काय करायचं ते त्या आयांनी सांगितलं.

२०२० च्या जुलैत नवा राष्ट्रीय करार झाला तो या धड्यावर. पहिल्यांदाच ॲबोरिजिनल संस्थांच्या आघाडीने, पॅट टर्नर यांच्या नेतृत्वाखाली, सरकारांबरोबर समोरासमोर बसून सही केली. उद्दिष्टांच्या यादीपेक्षा मला त्यातली चार कलमं मोलाची वाटतात: निर्णय एकत्र घ्यायचे, समाजाच्या संस्था उभ्या करायच्या, सरकारी खात्यांनी स्वतःची वागणूक बदलायची, आणि आकडे त्या-त्या भागातल्या लोकांना द्यायचे.

चौथं कलम वाचलं तेव्हा मी चष्मा काढून पुसला. आमचं रजिस्टर आठवलं. गरोदर बाई, वजन, हिमोग्लोबिन, बाळाचं वजन, लाल शाईत मृत्यू. महिनाअखेर बेरीज करून अहवाल वर जायचा. वरून पुढचा कोरा फॉर्म यायचा, पण आमच्या वाड्यांचं चित्र काय हे कधी कुणी परत सांगितलं नाही. शिवाय त्या काळी गावडा किंवा वेळीप या आमच्याकडच्या आदिवासी समाजांतल्या बाईसाठी रजिस्टरात वेगळा रकानाच नव्हता, ‘इतर’मध्ये टाकायची. कुठल्या वाड्यात बाळं हलकी जन्मतात हे मला ठाऊक होतं, ज्यांची बाळं त्यांनाही. कागदाला मात्र ठाऊक नव्हतं.

करार झाला म्हणून सगळं सुरळीत झालं असं समजू नका. उत्पादकता आयोगाने २०२४ च्या सुरुवातीला पहिला आढावा दिला, तो फार कडक आहे. सरकारांनी बदलाचा अर्थच नीट समजून घेतलेला नाही, जुन्याच कामांना नवी नावं दिली, असा त्याचा सूर. २०२५ च्या जुलैत करारातल्या १९ उद्दिष्टांपैकी ४ च मार्गावर होती. बालवाडीची नावनोंदणी, रोजगार, आणि जमीन व समुद्रावरचे हक्क यांत प्रगती; तुरुंगातली माणसं, घरातून काढून सरकारी देखभालीत ठेवलेली मुलं आणि आत्महत्या यांत घसरण. देशात चार टक्केही नसलेले लोक तुरुंगात मात्र तिसऱ्या हिश्शाहून जास्त. आणि गंमत अशी की तुरुंगातली संख्या कमी करण्याच्या करारावर सही करणाऱ्या नॉर्दर्न टेरिटरीने २०२४ मध्ये, सरकार बदलल्यावर, मुलांना गुन्हेगार ठरवायचं किमान वय बारावरून पुन्हा दहावर आणलं. दहा वर्षांचं पोर म्हणजे पाचवीतलं. मतं कोठडी बांधून मिळतात, नळ दुरुस्त करून नाही. हा माझा शेरा, आयोगाचा नव्हे.

प्रश्न : २०२३ मध्ये तिथल्या जनतेने आदिवासींच्या ‘व्हॉइस’ला नकार दिला असं वाचलं. सगळे नागरिक समान असताना एका समाजाला घटनेत वेगळी जागा कशाला, असं नाही म्हणणाऱ्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. तुम्हाला? – कॉलेज विद्यार्थी, मडगाव

बाळा, मला नाही पटत. पण आधी मागणी काय होती ते पाहू. २०१७ साली उलुरू इथं जमलेल्या ॲबोरिजिनल प्रतिनिधींनी एक निवेदन काढलं. त्यातली मुख्य मागणी: आमच्याशी संबंधित बाबतींत संसदेला आणि सरकारला सल्ला देणारं एक मंडळ घटनेत असावं. सल्ला फक्त. कायदा अडवायचा अधिकार नाही, पैसा वाटायचा नाही. १४ ऑक्टोबर २०२३ ला मतदान झालं. साठ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले, सहाही राज्यांत बहुमत नाहीचं. ‘माहीत नसेल तर नाही म्हणा’ ही घोषणा फार चालली. टिवी बेटांसारख्या, जिथं बहुतेक मतदार ॲबोरिजिनल आहेत, तिथल्या मतदान केंद्रांवर मात्र मोठ्या बहुमताने ‘हो’ पडलं. अर्थात सगळे ॲबोरिजिनल नेते एका बाजूला नव्हते. सिनेटर जसिंटा प्राइस विरोधात होत्या, त्यांच्या मते यानं फूट पडेल. लिडिया थॉर्प याही विरोधात, पण त्यांना हे फारच तोकडं वाटत होतं, त्यांना सरकारशी तह हवा होता.

घटनेतच का, कायद्याने मंडळ का नको, असं तू विचारशील. कायद्याने नेमलेलं होतं की. एटीएसआयसी नावाचं, लोकांनी निवडून दिलेलं, १९९० मध्ये सुरू झालेलं. २००५ मध्ये सरकारने ते मोडीत काढलं. त्यात गैरव्यवहाराचे आरोप होते, खरंय. पण आरोप झाले म्हणून कुणी संसद बरखास्त करत नाही. ज्यांचं मंडळ दर दहा-पंधरा वर्षांनी पुसलं जातं त्यांना घटनेचा आधार हवासा वाटला, त्यात नवल ते काय?

आणि समानतेचं म्हणशील तर १९६७ ची गोष्ट बघ. त्या वर्षापर्यंत तिथल्या घटनेतच लिहिलं होतं की लोकसंख्या मोजताना ॲबोरिजिनल माणसं धरायची नाहीत. ते कलम काढायला सार्वमत झालं तेव्हा जवळजवळ ९१ टक्के लोक ‘हो’ म्हणाले होते. मोजायला सगळे तयार असतात. ऐकून घ्यायची वेळ आली की ‘सगळे समान’ आठवतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं? गोव्याच्या विधानसभेत चाळीस जागा. अनुसूचित जमाती लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून जास्त, पण त्यांच्यासाठी राखीव जागा एकही नव्हती. त्यासाठीचं विधेयक २०२४ मध्ये लोकसभेत आलं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. तोवर सगळे समानच होते ना?

प्रश्न : सिस्टर, आम्ही वेळीप समाजाचे. तुम्ही आमच्या वाड्यावर यायचा, माझी आई तुम्हाला ओळखते. ऑस्ट्रेलियाचं राहू द्या, आमच्या वनहक्काच्या दाव्याचं कितीतरी वर्षं काही होत नाही. ग्रामसभेत विचारलं तर ‘वर पाठवलंय’ म्हणतात. आम्ही नेमकं काय विचारायचं? – एक वाचक, केपें तालुका

आईला माझा नमस्कार सांग, आणि गुडघ्यांचं काय झालं तेही कळव.

ऑस्ट्रेलियाचं राहू द्या म्हणतोस, पण एक गोष्ट तुझ्याच कामाची आहे. तिथं १९९२ पर्यंत कायदा असं धरून चालला होता की इंग्रज आले तेव्हा ती जमीन कुणाचीच नव्हती. मरे बेटावरचे एडी माबो न्यायालयात गेले, आणि जून १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते गृहीतच उडवलं. निकाल ऐकायला माबो नव्हते, जानेवारीतच गेले होते. त्या खटल्यात पुरावा काय होता? बेटावरची कुंपणं, बागा, कुठली हद्द कुणाची हे सांगणारी म्हातारी माणसं.

तुझ्या कामातही असाच पुरावा चालतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला जातो, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नसावा. जमिनीवर केलेले बांध, सपाटी, घर, विहीर, देवाची जागा, स्मशान हेही चालतं. आजोबांनी लावलेली काजूची जुनी झाडं मोजणीत नोंदवून घ्या. जमिनीचा सरकारी उतारा नसला तरी दावा मरत नाही.

आता काय विचारायचं. ‘आमच्या दाव्याचं काय झालं’ असं विचारू नकोस, त्याला ‘वर पाठवलंय’ हेच उत्तर मिळतं. विचार: आपल्या गावचे एकूण दावे किती, त्यांतले किती ग्रामसभेने मंजूर केले, किती उपविभागीय समितीकडे आहेत, किती जिल्हा समितीकडे, किती फेटाळले, आणि प्रत्येकाची तारीख. यादी लेखी माग. फेटाळलेल्या दाव्याचं कारण लेखी द्यावं लागतं, आणि ते मिळाल्यापासून साठ दिवसांत अपील करता येतं; तोंडी सांगितलेल्या नकाराला घाबरू नकोस. पडताळणी पुरी होईपर्यंत ताब्यातून हुसकावता येत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असल्याचं दाखवायचं आहे, आणि कमाल चार हेक्टर, हे घरात सगळ्यांना ठाऊक असू दे. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बायका. कित्येक ठराव या एका कारणानं लटकतात. म्हणून सभेला एकटा जाऊ नकोस. वाड्यावरच्या बायका घेऊन जा. धालोला, बायकांच्या नाचाला, सगळ्या मांडावर येतात, सभेलाही येतील, फक्त वेळ संध्याकाळची ठेवायला लावा. सकाळी त्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, किंवा रोजगारावर असतात.

गोव्यात असे दावे दहा हजारांच्या घरात आहेत, आणि कायद्याला वीस वर्षं होत आली. तू एकटा रखडलेला नाहीस, यात दिलासा काही नाही, पण यादी मागणारे जास्त झाले की ‘वर’ नावाच्या जागेला पत्ता द्यावा लागतो.

एसटी दर्जाबद्दलही लोक तुला ऐकवत असतील. त्यांना दोन आकडे सांग. २००१ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या होती ५६६. २०११ मध्ये १,४९,२७५. मधल्या काळात कुणी रानातून अवतरलं नाही. २००३ मध्ये गावडा, कुणबी आणि वेळीप यादीत आले, एवढंच. धनगर अजून बाहेरच आहेत. म्हणजे ‘एवढी वर्षं सवलती खाल्ल्या’ म्हणणाऱ्याला विचार, कुठली वर्षं? आणि त्यातही घरदुरुस्तीची योजना घ्यायला गेलं की घराखालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, निघते. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला संरक्षण देणारा मुंडकार कायदा १९७५ चा, पण कित्येक घरांची मुंडकार म्हणून नोंदच झालेली नाही. तुमच्या वाड्यावर अशी घरं असतील तर त्यांचीही वेगळी यादी करा. दोन्ही याद्या स्वतःकडे ठेवा, झेरॉक्स पंचायतीला द्या. मूळ प्रत देऊ नका. हे मी अनुभवानं सांगते.

प्रश्न : माझी भाची नर्सिंग पुरं करून ऑस्ट्रेलियाला जाणार आहे. दुर्गम भागात पगार जास्त म्हणतात. तिला काय सांगावं? – वाचक, डिचोली

नोंदणीचे कागद, इंग्रजीची परीक्षा वगैरे तिला एजंट सांगेल. तो सांगणार नाही ते मी लिहिते. तिथल्या परिचारिकांच्या आचारसंहितेत २०१८ पासून ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ आहे. साध्या भाषेत, उपचार सन्मानाने झाले की नाहीत हे नर्सने ठरवायचं नाही, पेशंटने ठरवायचं. वस्तीवर समाजातलीच आरोग्य कार्यकर्ती असेल. तिला मदतनीस समजू नकोस, म्हणावं. पगार तुझा जास्त असला तरी वस्तीवर शब्द तिचा चालतो. पेशंट प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत असेल तर कळलंय असं धरू नये, पुष्कळदा तो प्रश्न संपवायचा मार्ग असतो. ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारण्यापेक्षा ‘गोळ्या कुठं ठेवता, कधी घेता, दाखवा’ असं विचारावं. बऱ्याच वस्त्यांत नुकत्याच वारलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, फोटोही दाखवत नाहीत. आधी कार्यकर्तीला विचारून घ्यावं. आणि पेनिसिलिनचं ते इंजेक्शन: फ्रीजमधून काढल्यावर हातात धरून जरा कोमट होऊ द्यावं, हळूहळू द्यावं, जागा आधी दाबून धरावी. कमी दुखतं, आणि पोर पुढच्या महिन्याला परत येतं. पगाराचं तिचं तिने बघावं.